मिस कॉलचा सभासद आणि शेअरचा सभासद



वरळी हे नाव आपल्या भागातील माणसाला परके नाही. ज्यांच्या घरी जुन्या काळी टीव्ही आला त्यांना आठवत असेल, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते वरळीला. ‘आमची माती, आमची माणसं’ पाहण्यासाठी चावडीत किंवा एखाद्या बागायतदाराच्या ओसरीवर सारा गाव जमायचा, ते चित्र वरळीच्या केंद्रातून निघायचे. दुसरी ओळख चुलत्याची किंवा मामाची. आपल्यापैकी अनेकांच्या घरातला एक तरी माणूस गिरणीत होता आणि वरळीच्या किंवा नायगावच्या बी.डी.डी. चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत दहाजणांत राहून गावाकडे मनीऑर्डर करीत होता. त्या मनीऑर्डरीतून कुणाची विहीर झाली, तर कुणाचा पहिला शेअर घेतला गेला. तेव्हा आम्ही वरळीविषयी लिहीत आहोत म्हणून कोणी असे म्हणू नये, की उसाच्या अंकात मुंबईचे काय काम?

काम आहे. राजकीय पक्ष हल्ली मोबाईलवरून प्रचार कसा करतात आणि आपल्या सभासदांशी कसे वागतात, हे वरळीत जसे दिसले तसे क्वचित कुठे दिसले असेल. आणि जे तिथे घडले ते आपल्या गट ऑफिसच्या दारापर्यंत येऊन पोचले आहे. आम्ही कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन हे लिहीत नाही. आपल्या सभासदांत सर्व पक्षांचे लोक आहेत आणि काट्यावर सगळ्यांचा ऊस सारखाच तोलला जातो. आमचा प्रश्न एवढाच, की सभासद म्हणायचे कुणाला?

आधी वरळीची हकिकत सांगतो. ५ जुलै २०२५ रोजी वरळीच्या डोममध्ये उद्धव ठाकरे आणि राज ठाकरे हे दोघे बंधू सुमारे वीस वर्षांनी एका राजकीय व्यासपीठावर आले. शाळेत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणणारे शासन निर्णय सरकारने २९ जून रोजी मागे घेतले होते. त्यामुळे ठरलेल्या मोर्चाचा विजयी मेळावा झाला. आपल्या गावातील पोरांनी तो मेळावा बांधावर बसून मोबाईलवर पाहिला. मुंबईला गेले नाहीत, एस.टी.चे तिकीट काढले नाही, तरी मेळाव्याला गेल्यासारखेच झाले. ही या नव्या साधनाची ताकद, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच आठवड्यात आणखी तीन गोष्टी घडल्या. त्या सांगितल्याशिवाय हकिकत पुरी होत नाही. शेअर बाजारातल्या एका गुंतवणूकदाराने ‘एक्स’वर लिहिले, की आपण मराठी शिकणार नाही. दोन दिवसांत त्याच्या वरळीतील कचेरीवर दगडफेक झाली आणि त्याने माफी मागितली. म्हणजे दोन ओळींचा मजकूर, आणि त्याला उत्तर दगडाने. दुसरी गोष्ट डोममधली. भाषेच्या वादातून मारहाण करून तिचे व्हिडिओ कार्यकर्ते स्वतःच काढत होते आणि स्वतःच सगळीकडे पाठवत होते. तेव्हा असले व्हिडिओ काढू नका, अशा आशयाचा सल्ला राज ठाकरे यांना भर सभेत द्यावा लागला. तिसरी गोष्ट ८ जुलैची. पक्षातील कुणीही वर्तमानपत्रे, वाहिन्या किंवा समाजमाध्यमांशी परस्पर बोलू नये, स्वतःचे व्हिडिओही टाकू नयेत, असा आदेश त्यांनी काढला. आणि तो आदेशही ‘एक्स’वरच काढला!

यात आम्ही दोष काढीत नाही. आपल्या माणसांनी वाटेल ते बोलून पक्ष गोत्यात आणू नये, असे कुठल्याही नेत्याला वाटणारच. पण या तीन गोष्टी एकापुढे एक ठेवल्या म्हणजे या साधनाचे खरे स्वरूप ध्यानात येते. वरून खाली निरोप पोचवायला ते फार चांगले. खालून वर काही यायला लागले, की त्याचा पहिला उपयोग होतो तो तोंड बंद ठेवा असे सांगण्यासाठी. पाट तोच, पण पाणी एकाच दिशेने सोडायचे. टेलएंडचा शेतकरी ओरडला तर त्याचा आवाज हेडवर ऐकू येत नाही, हे आपल्याला कालव्यावरून ठाऊकच आहे.

आता कोणी म्हणेल, पूर्वी काय वेगळे होते? पूर्वीही पुढारी बोलायचे आणि लोक ऐकायचे. हे अर्धे खरे आहे. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू झाले. मुंबईच्या कचेऱ्यांतून अमराठी अधिकाऱ्यांची नावे किती, याच्या याद्या त्यात छापून येत, आणि त्या याद्यांनी मराठी तरुण पेटला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली त्यामागे ही वाचलेली यादी होती. पुढे शाखा आली आणि शाखेबाहेरचा फळा आला. दादर, परळ, लालबाग, वरळी, कुठेही जा, चौकात शाखा आणि दाराशी खडूने लिहिलेला फळा. पाणी कधी येणार, सभा कधी आहे, कुणाचा सत्कार, कुणाचा निषेध, सगळे त्याच्यावर. हा त्या काळचा व्हॉट्सॲप म्हणा ना!

पण फळ्यात आणि मोबाईलमध्ये एक फरक होता. फळा वाचायला माणूस शाखेपर्यंत चालत यायचा. आला की शाखाप्रमुख समोर असायचा. ‘काय हो, नळाचं काय झालं? मागच्या सोमवारी सांगितलं होतं,’ असे तोंडावर विचारता यायचे. उत्तर मिळो न मिळो, विचारणारा दिसायचा, आणि त्याच्या मागे उभे असलेले चारजण माना डोलवायचे तेही दिसायचे. मोबाईलवरच्या गटात ‘फक्त ॲडमिन बोलेल’ अशी कळ दाबली, की विचारणारा दिसतच नाही. त्याच्या मागचे चारजण तर मुळीच नाहीत.

गिरणी कामगारांचे उदाहरण याहून बोलके आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वरळीच्या सेंच्युरी मिलपासून लालबाग-परळच्या गिरण्यांपर्यंत भोंगे बंद पडले. कायद्याने मान्यता होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. नोंदवहीत सभासद त्यांचे, मालकांशी बोलण्याचा हक्कही त्यांचा. पण माणसे होती डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. कागदावर सभासद एकाचे आणि गेटवर सभा दुसऱ्याची! तो संप पुढे कसा विरला, किती संसार मोडले आणि किती चुलते-मामा ट्रंक घेऊन गावी परतले, हे आपल्या घरांनी पाहिले आहे. त्यातून शिकायचे ते असे: नोंदवहीतला आकडा म्हणजे संघटना नव्हे. सभासदाचे म्हणणे ज्या नोंदवहीत उमटत नाही, ती नोंदवही एक दिवस ओस पडते.

आजच्या पक्षांच्या नोंदवह्या पाहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून भारतीय जनता पक्षाने सभासद नोंदणीची मोठी मोहीम काढली. एका फुकटच्या क्रमांकावर मिस कॉल द्यायचा, की झाला सभासद. २०१५ साली पक्षाने दहा कोटींहून अधिक सभासद झाल्याचे जाहीर केले. चीनच्या कम्युनिस्ट पक्षालाही मागे टाकले, असे सांगितले गेले. आकडा मोठाच. पण लगोलग त्याच पक्षाला ‘महासंपर्क अभियान’ काढून हे सभासद घरोघर जाऊन शोधावे लागले. हे त्यांनी केले ते चांगलेच केले, आम्ही त्याचे कौतुकच करतो. कारण त्यांनाही कळले होते, की फोन वाजून बंद झाला म्हणजे माणूस जोडला गेला असे होत नाही. दार वाजवावेच लागते.

काँग्रेस पक्षाने २०२१-२२ मध्ये मोबाईलवरून सभासद नोंदले आणि कोट्यवधींचा आकडा सांगितला. पुढे १७ ऑक्टोबर २०२२ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. कितीतरी वर्षांनी खरी निवडणूक झाली, ही समाधानाची बाब. पण मते पडली सुमारे साडेनऊ हजार, कारण मताचा हक्क प्रतिनिधींना, साध्या सभासदाला नव्हे. शिवसेनेचे तर आपल्या डोळ्यांसमोरच घडले. पक्ष फुटला तेव्हा निष्ठेची प्रतिज्ञापत्रे आणि सभासद अर्ज लाखांनी गोळा झाले आणि गठ्ठे बांधून दिल्लीला गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण कुणाला द्यायचे ते ठरविले, ते आमदार-खासदारांचे बहुमत पाहून. अर्ज भरणाऱ्या साध्या शिवसैनिकाच्या सहीला त्या तराजूत वजन मिळाले नाही. निकाल योग्य की अयोग्य, हा वाद आमचा नाही. आम्ही इतकेच पाहतो, की पक्ष कोणताही घ्या, सभासदांचा आकडा मिरवायला असतो आणि निकालाच्या वेळी मोजणी दुसऱ्याच कशाची तरी होते.

आता प्रचाराकडे येऊ. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत वरळीतून आदित्य ठाकरे उभे राहिले. ठाकरे घराण्यातील निवडणूक लढविणारे ते पहिलेच. त्या वेळी वरळीत गुजराती अक्षरांत ‘केम छो वरळी’ असे फलक लागले. फलक लावला होता त्या चौकातल्या गुजराती भाषिक मतदारासाठी. पण कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तासाभरात तो गिरगाव ते गडचिरोली फिरला. मराठी माणसाच्या पक्षाने गुजरातीत का विचारावे, म्हणून टीकेचा पाऊस पडला. पूर्वी पुढारी दादरला एक बोलायचा आणि घाटकोपरला दुसरे, आणि ते खपून जायचे. आता एका चौकातले बोलणे सगळ्या चौकांत ऐकू जाते. हा या साधनाचा एक चांगला गुण आहे आणि तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. दोन तोंडांनी बोलणाऱ्याची आता पंचाईत होते.

पण पक्षही हुशार. त्यांनी त्यातून वाट काढली. चौकात फलक न लावता ज्याच्या त्याच्या खिशातच वेगवेगळा निरोप टाकायचा. तरुणाला एक, म्हाताऱ्याला दुसरा. एका जातीच्या गटात एक, दुसऱ्या जातीच्या गटात वेगळाच. फलकाचा फोटो निघतो, पण शेजाऱ्याच्या खिशातला निरोप आपल्याला दिसत नाही. धोका मोठा आहे तो इथे.

आणि एवढे सारे करून मते मिळतात का? राज ठाकरे यांनी २०१९ च्या लोकसभेला स्वतःचा उमेदवार न देता राज्यभर सभा घेतल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य पोराटोरांच्या तोंडी झाले. सभा तुडुंब, मोबाईलवर तर त्याहून तुडुंब. निकाल लागला तेव्हा राज्यातील ४८ पैकी ४१ जागा ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होते त्या युतीलाच मिळाल्या. वरळीत आदित्य ठाकरे २०१९ मध्ये ६७,४२७ मतांनी निवडून आले. २०२४ मध्ये तेच उमेदवार, मोबाईलवर तेवढेच दिसणारे, पण समोर मिलिंद देवरा आणि मनसेचे संदीप देशपांडे उभे राहिले, आणि मताधिक्य ८,८०१ वर आले. पक्ष फुटला होता, युती बदलली होती, कारणे पुष्कळ असतील. पण मोबाईलवरच्या टाळ्या म्हणजे पेटीतली मते नव्हेत, एवढे त्यातून नक्की दिसते. उसाला तुरा आला म्हणून उतारा वाढत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग आपल्या कारखान्याचा याच्याशी काय संबंध, ते आता सांगतो.

आपला कारखाना हीही एक संघटनाच आहे, आणि आपली संचालक मंडळाची निवडणूक हीही निवडणूकच. गेल्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी मोबाईलवर गट काढले होते. आपले मोबाईल नंबर ऊस नोंदीच्या वेळी शेतकी ऑफिसला दिलेले असतात. ते दिले कशासाठी? तोडीचा निरोप यावा, काट्याचे वजन कळावे, बिल बँकेत जमा झाले की समजावे, यासाठी. मग सभासदाला न विचारता त्याचा नंबर पॅनेलच्या गटात गेलाच कसा? अनेक सभासदांनी हे आम्हाला विचारले आणि त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, या तत्त्वावर संसदेने २०२३ साली कायदाही केला आहे. पण कायदा नसता तरी रीत म्हणून काही असते की नाही? शेजाऱ्याने विहिरीवर पाणी प्यायला बादली मागून नेली आणि तिने आपले शेत भिजवले, तर आपण काय म्हणू?

दुसरी गोष्ट मागील हंगामातील. मिल दुरुस्तीसाठी एका रात्रीपुरती थांबली होती. कुणीतरी निरोप टाकला, की कारखाना आठ दिवस बंद, ऊस दुसरीकडे घाला. कुठून आला, कुणी टाकला, आजतागायत कळले नाही. तीन गावांतल्या मुकादमांनी कोयते थांबविले. तुटलेला ऊस फडात पडून वाळला, वजन घटले आणि नुकसान झाले ते गरीब सभासदाचे. गटात ‘फक्त ॲडमिन’ची कळ दाबलेली असल्यामुळे चिटबॉयला खरे काय ते माहीत असूनही लिहिता येईना, आणि ॲडमिन झोपलेले! खोटा निरोप हजार खिशांत फिरत होता आणि खरे सांगायला तोंड नव्हते.

आपल्याकडे निभावले ते उसाच्या नुकसानीवर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या मोबाईलवरील अफवेतून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांचा जीव घेतला. ती माणसे आपल्या ऊसपट्ट्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली होती. त्यानंतर त्याच महिन्यात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. पण मर्यादा यंत्राला घातली, माणसाच्या बोटाला नव्हे.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोबाईल नव्हता तेव्हा सारे गोकुळ होते, असे आम्ही म्हणत नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळीत दंगल पेटली, ती मोबाईलशिवायच पेटली. आणि पूर्वी कारखान्याची बातमी कळायची कुणाला? जो चेअरमनच्या ओट्यावर बसतो त्याला. वाडीवस्तीवरच्या सभासदाला, ज्याच्या नावावर ऊस आहे पण जी कधी ऑफिसची पायरी चढली नाही अशा आमच्या भगिनी सभासदाला, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या सभासदाला काहीच कळत नसे. आज त्यांच्या हातात वजनाचा निरोप येतो. काट्यावर शंका आली तर स्लिपचा फोटो काढून ठेवता येतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत काय ठरले ते त्याच रात्री बांधावर कळते. हे थोडे नाही. म्हणून मोबाईल फेकून द्या, असे सांगणारा वेडा म्हटला जाईल. आम्ही तसे सांगत नाही.

आम्ही सांगतो ते असे. निवडणूक आयोगाने २०१३ पासून उमेदवारांना काही बंधने घातली आहेत. समाजमाध्यमांवरील आपली खाती शपथपत्रात दाखवावी लागतात, तिथली जाहिरात आधी तपासून घ्यावी लागते, आणि तिचा खर्च हिशेबात धरला जातो. ही बंधने पुरी पडतात असे नाही. विधानसभेच्या उमेदवाराला २०२४ मध्ये चाळीस लाखांची मर्यादा होती, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, म्हणजे एका हाताला दोरी आणि दुसरा मोकळा. तरीपण काही नियम आहे. आपण आपल्या घरापुरते तेवढे तरी करू शकतो की नाही? आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, सभासदांचे मोबाईल नंबर कारखान्याच्या कामाखेरीज कुणालाही, सत्ताधारी असो की विरोधी, देऊ नयेत, आणि तसा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा.

दुसरी, कारखान्याच्या प्रत्येक गटातील मोबाईल समूहात आठवड्यातून एक दिवस सर्वांना बोलू द्यावे. कोणी म्हणतात, मोकळे सोडले की शिवीगाळ होते आणि सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रे येतात. खरे आहे. पण म्हणून सहा दिवस बंद ठेवून एक दिवस मोकळा ठेवावा, आणि त्या दिवशी शेतकी अधिकाऱ्याने हजर राहावे. ज्याची भाषा वाईट त्याला गावकरीच गप्प करतील, तेवढा वचक अजून गावात आहे.

तिसरी, तोडी, काटा, बिल आणि मिल बंद-चालू याविषयीचा निरोप एकाच ठरलेल्या नंबरावरून यावा आणि तोच खरा मानावा. रात्री-अपरात्री जबाबदार माणूस त्यावर असावा.

चौथी सर्वांत महत्त्वाची. समूहात आलेले प्रश्न लिहून काढून त्यांची उत्तरे या अंकात छापावीत, आणि ज्यांची उत्तरे राहिली ते प्रश्न वार्षिक सभेपुढे ठेवावेत. उत्तर देता येत नसेल तर ‘उत्तर नाही’ असे छापावे. त्यात कमीपणा नाही. आमच्या या लेखातील नंबरांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी, आमची हरकत नाही.

प्रवरेचा कारखाना कसा उभा राहिला ते जुन्या सभासदांनी नव्यांना सांगावे. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या शंका ऐकून, शिव्याही ऐकून त्यांनी शेअरचे पैसे गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पहिला अध्यक्ष झाला, आणि १९५० मध्ये कारखाना चालू झाला. तिथला प्रत्येक सभासद हा आधी प्रश्न विचारून मग सभासद झाला होता. ‘माझे पैसे बुडाले तर?’ हा सहकारी साखर कारखानदारीचा पहिला प्रश्न, आणि त्याला उत्तर देत देतच ती उभी राहिली. आपला कारखानाही याच रीतीने उभा राहिला. त्या पावत्या अजून कित्येकांच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या सापडतील.

मिस कॉलच्या सभासदाने काही दिलेले नसते, म्हणून त्याला कुणी काही देणे लागत नाही. आपण शेअर दिला आहे, ऊस देतो आहोत, आणि सहकाराच्या कायद्याने शंभर एकरवाल्याला एक मत तसे दहा गुंठेवाल्यालाही एकच मत दिले आहे. वरळीच्या डोममध्ये टाळ्या वाजविणाऱ्यापाशी हा हक्क नाही. मोबाईलवर अंगठा दाखविणाऱ्यापाशी तर नाहीच नाही. तो आपल्यापाशी आहे. पण वार्षिक सभेला जर आपण मोबाईलवर सभा बघत घरीच बसलो, अहवाल न उघडता ‘मंजूर, मंजूर’ असे चित्र समूहात टाकून मोकळे झालो, तर आपल्यात आणि मिस कॉलच्या सभासदात फरक तो काय राहिला?

तेव्हा सप्टेंबरअखेर सभेची नोटीस येईल. ती मोबाईलवर येईल आणि पोस्टानेही येईल. अहवाल मागून घ्या, वाचा, पानावर पेन्सिलीने खूण करा आणि चपला घालून सभेला या. भगिनी सभासदांनी आपल्या नावाच्या शेअरसाठी स्वतः यावे, धन्यांना पाठवू नये. उभे राहून नाव, गाव आणि सभासद क्रमांक सांगून प्रश्न विचारा. आवाज थोडा कापला तरी हरकत नाही. मांडवात बसलेल्या सर्वांनी तो ऐकलेला असेल, आणि कुणाच्याही कळीने तो बंद होणार नाही.